माळशेजची ट्रिप, फोर बाय फोर आणि पलटीचा प्रश्न

निखिल, ए ७०३: रविवारी माळशेज फायनल, तीन गाड्या. लहान मुलं माझ्याकडे पाठवा, मागची रांग रिकामी आहे, सामान वर कॅरियरवर टाकू. फोर बाय फोर आहे, चारही चाकांना इंजिनचा जोर, नव्या एसयूव्ही म्हणजे रणगाडाच, पावसात घाटात काही टेन्शन नाही.

सावंत काका, बी २०४: अरे बाबा, पावसात साइडपट्टीची माती सुटलेली असते, मुरबाडच्या पुढे नीट बघून चालवावं लागतं. उंच गाडी पलटी झाली तर आतली माणसं खरंच वाचतात का? कोणी माहितगार असेल तर सांगा.

स्वाती, सी ११०२: काका मी सांगते, माझं कामच गाडीच्या बॉडीचं आहे, जरा लांब होईल पण वाचा प्लीज. निखिल, फोर बाय फोरमुळे चिखलातून, ओल्या चढावरून गाडी निघते, बास. ब्रेक मारताना ती बाकीच्या गाड्यांसारखीच आणि उंच असल्यामुळे कलंडायला उलट सोपी. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं, उत्तर जितकं कमी तितकी गाडी कलंडायला सोपी, साध्या कारला १.३ ते १.५ येतं, एसयूव्हीला १ ते १.३. कॅरियरवर बॅगा टाकल्या की आकडा अजून खाली. कंपनीने छतावर किती वजन चालेल ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, कोणी बघतच नाही.

स्वाती, सी ११०२: आणि गाडी सहसा नुसत्या वळणावर पलटी होत नाही, आधी आडवी घसरते मग चाक मातीत रुततं नाहीतर दगडाला अडतं आणि तिथून उलटते. ते घसरणं थांबवायला ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असतं, ते एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावतं, अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीचं आहे. पण बऱ्याच गाड्यांत फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर, टाकला की ते बंद होतं आणि चिखलात बटण दाबून बंद केलेलं लोक डांबरी रस्त्यावर आल्यावर विसरतात.

प्राजक्ता, बी ६०१: पण स्वाती, निखिलच्या गाडीला ५ स्टार आहेत ना गं? मग छत तर मजबूतच असणार की.

स्वाती, सी ११०२: तिथेच गोची आहे. हे स्टार देणारी आपली क्रॅश टेस्ट, भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, त्यात ६४ च्या स्पीडने समोरून, ५० ने बाजूने आणि २९ ने खांबावर आपटतात. ईएससी आहे का तेही बघतात. पण छत दाबून बघत नाहीत, गाडी उलटी करूनही बघत नाहीत. म्हणजे ५ स्टार खोटे नाहीत, फक्त ते या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत.

स्वाती, सी ११०२: अमेरिकेत छताचा नियम १९७० च्या दशकापासून आहे, तेव्हा गाडीच्या वजनाच्या दीडपट भार झेलला की पास. २००९ मध्ये तो बहुतेक गाड्यांसाठी तिप्पट केला आणि तोही दोन्ही बाजूंनी. तिथल्या विमा कंपन्यांची आयआयएचएस ही संस्था छताला सगळ्यात वरचा शेरा द्यायला चौपट मागायची. दोन टनाच्या गाडीचं छत आठ टन दाबाखालीही फार चेपायचं नाही, विचार करा. हे जमतं कारण आता ए आणि बी पिलरमध्ये, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या आणि दोन दारांमधल्या खांबांत, बोरॉनचं पोलाद घालतात, भट्टीत लाल करून साच्यात दाबलेलं. त्यामुळे काका तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, आजची चांगली गाडी पलटी झाली तर आत जगण्यापुरती जागा बहुतेक वेळा शिल्लक राहते.

सावंत काका, बी २०४: मग माणसं मरतात कशी?

स्वाती, सी ११०२: बाहेर फेकली जाऊन, काका. पलटीत सगळ्यात जास्त जीव त्यानेच जातात. गाडी दोन-तीन कोलांट्या घेते, तेवढ्यात काच फुटते, दार उघडतं आणि बेल्ट नसलेला माणूस बाहेर पडतो, कधी त्याच्यावर तीच गाडी येते. छत शाबूत राहिलं पण माणूस आत राहिला नाही तर त्या पोलादाचा उपयोग काय. खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी कर्टन एअरबॅग मदत करते, पण पलटी ओळखणारा सेन्सर असेल तरच. तशी कर्टन पाच-सहा सेकंद फुगलेली राहते, समोरची तर क्षणात बसते आणि पलटीत बरेचदा उघडतच नाही. शोरूममध्ये सनरूफ आणि स्क्रीनबद्दल तासभर बोलतात, हे एकदा तरी विचारा.

प्राजक्ता, बी ६०१: अय्यो, आणि आपली मुलं सनरूफमधून उभी राहतात 😟

स्वाती, सी ११०२: ते या ट्रिपला अजिबात नको. मांडीवर मूलही नको, उलटताना कुणाच्याही हातात मूल राहत नाही. आणि निखिल, रागावू नकोस पण काल पार्किंगमध्ये तुझ्या गाडीच्या मागच्या रांगेत डोकावले, एक बकल सीटखाली गेलंय आणि दुसऱ्यात ती बीप बंद करायची नुसती क्लिप खोचलीय. त्या क्लिपा ऑनलाइन विकायलाच २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक प्राधिकरणाने मनाई केली होती.

निखिल, ए ७०३: हो ताई, क्लिप गाडीसोबत आधीच्या मालकाने दिलेली, तशीच राहिली. आज काढून टाकतो. मग गाडी उंच करायचं लिफ्ट किट लावायचं म्हणत होतो ते?

स्वाती, सी ११०२: नको रे. गाडी वर गेली की तो भागाकाराचा आकडा अजून घसरतो. टायरची हवा बघ, त्याचा फायदा जास्त.

सावंत काका, बी २०४: आणि खरंच उलटी झालीच तर आधी काय करायचं ते पण सांग.

स्वाती, सी ११०२: इंजिन बंद. मग लगेच बेल्ट सोडायचा नाही काका, डोक्यावर आपटाल, मानेला लागेल. एक हात छताला घट्ट टेकवायचा, पाय रेटून धरायचे आणि मग दुसऱ्या हाताने बकल.

निखिल, ए ७०३: ओके, कॅरियर काढतो, सामान तिन्ही डिकीत वाटून घेऊ. शनिवारी रात्री ९ ला खाली या, सगळे बेल्ट एकदा ओढून बघू, ज्या सीटचा चालत नाही तिथे कोणी बसणार नाही. एक माणूस जास्त झाला तर चौथी गाडी कोण काढतंय?

प्राजक्ता, बी ६०१: आमची घ्या, हॅचबॅक आहे पण पाचही बेल्ट चालतात 👍