मदत हवी आहे: डीव्हीडीतली आयएफओ फाइल खराब, बीयूपी वापरता येईल का?

आमच्या घरच्या लग्नाची एक डीव्हीडी आहे. दुसरी प्रत नाही, आणि त्यात आजीचा आवाज आहे, म्हणून जिवाला घोर लागलाय. डिस्कवर चरे पडलेत. व्हिडिओ_टीएस हे फोल्डर कसंबसं संगणकावर उतरवलं, पण कॉपी करताना व्हीटीएस_०१_०.आयएफओ (कुठला भाग कुठे आहे हे प्लेअरला सांगणारी फाइल) या एकाच फाइलला एरर आली. बाकी सगळ्या फाइली पूर्ण आल्या: चार व्हीओबी (प्रत्यक्ष चित्र-आवाज असलेल्या फाइली; पहिल्या तीन प्रत्येकी साधारण १ जीबीच्या), व्हिडिओ_टीएस.आयएफओ आणि बीयूपी फाइली.

व्हीएलसी प्लेअरमध्ये एकेक व्हीओबी सुटी चालते, चित्र-आवाज दोन्ही नीट. पण फाइल संपते तिथे वाक्य मधेच तुटतं. मंगलाष्टकं तर ऐन 'सावधान'च्या आधी थांबतात. पूर्ण फोल्डर डीव्हीडी म्हणून उघडलं तर मेनू दिसतो, 'प्ले' दाबल्यावर काहीच होत नाही. कॉपी कमांडने चारही व्हीओबी जोडून पाहिल्या. चालतं, पण एकूण वेळ चुकीची दिसते आणि पुढे सरकवलं की भलतीकडेच जातं.

विंडोज १० आहे. डिस्क घरगुती, त्यामुळे कॉपी प्रोटेक्शनचा प्रश्न नाही. डिस्क पुसून, कमी वेगाने दोनदा वाचून झालं. ती आता पुन्हा ड्राइव्हमध्ये घालायची भीती वाटते.

बीयूपी ही आयएफओचीच राखीव प्रत असते, एवढं माहीत आहे. मग व्हीटीएस_०१_०.बीयूपीची कॉपी करून तिचं एक्स्टेन्शन नुसतं आयएफओ केलं तर चालेल, की आतही काही बदलावं लागतं? आणि ते जमलं, तर पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे चित्र-आवाज आहे तसाच ठेवून) सगळ्याची एकच एमकेव्ही व्हिडिओ फाइल कशाने करावी?