सातवा महिना आणि रात्रीचा एमआयडीसीचा वास (घणसोली)

गौरी_घणसोली
सातवा महिना चालू आहे. थंडी सुरू झाल्यापासून रात्री अकरानंतर एमआयडीसीच्या बाजूने वास येतो, कधी सडक्या अंड्यासारखा, कधी थिनरसारखा. खिडक्या लावल्या तरी डोकं जड होतं. सासूबाई म्हणतात, इथे सगळ्यांचीच बाळं झाली. बाळाच्या वजनावर परिणाम होतो का? प्युरिफायर घ्यावा का? नवरा रबाळ्याला जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे, तो म्हणतो यापेक्षा जास्त वास आम्ही रोज खातो. चिपळूणला माहेरी लवकर जाऊ का?

सिस्टर_ऐरोली
गौरी, वासाचं कोणीतरी सांगेलच. मी अडकले ते तुझ्या नवऱ्याच्या नोकरीपाशी. जुनी बॅटरी म्हणजे शिसं, आणि शिशाच्या धुळीला वास नसतो. कपड्यांवर, केसांत, मोबाइलच्या कव्हरवर बसून ती घरी येते. आईच्या रक्तातून वारेमार्गे (प्लॅसेंटातून) बाळापर्यंत पोचते. शिवाय गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर पूर्वी साठलेलं शिसंही सुटतं. बाळ वजनाला कमी भरणं, दिवस भरायच्या आधी होणं, पुढे मेंदूच्या वाढीवर परिणाम, हे सगळं त्यात आलं. इतकं शिसं चालेल अशी मर्यादा कोणी देत नाही.

डॉक्टरांकडून दोघांची ब्लड लेड टेस्ट, म्हणजे रक्तातल्या शिशाची तपासणी, लिहून घे. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा वर आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, असं जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. त्याने कामावरच अंघोळ करून कपडे बदलून यावं. युनिफॉर्म तू झटकायचा नाहीस, धुवायचाही नाहीस. तो वेगळा धुवायचा आणि त्यानेच. घरात केरसुणी नको, ओल्या फडक्याने पुसा. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नकोस, ती कमी पडली की शरीर शिसं जास्त ओढतं.

आणखी एक. आता ट्रंकेतून झबली, दुपटी निघतील. डांबर गोळ्यांत ठेवलेली असतील तर बाळाला घालू नकोस. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. मुलग्यांत हे जास्त. आमच्या वॉर्डात कावीळ वाढलेलं बाळ आलं की मी आधी त्याच्या दुपट्याचा वास घेते.

निवृत्त_प्लँटवाला
सिस्टरशी सहमत. वासाबद्दल सांगतो, आयुष्य ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेलं. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. नाकाला तो अगदी नगण्य प्रमाणातही कळतो, म्हणून वास आला की लगेच विषबाधा असं नाही. मात्र तोच वायू खूप वाढला की नाक बधिर होतं, त्यामुळे ‘वास गेला’ हाही पुरावा नव्हे. थंडीत जमिनीलगतची हवा वर उठत नाही, म्हणून रात्री जास्त जाणवतो. बाळाच्या कमी वजनाशी ज्याचा संबंध चांगला तपासला गेलाय ती बारीक धूळ, पीएम २.५. प्युरिफायरचं हेपा फिल्टर ती अडवतं, वायूंसाठी मात्र कार्बनचा जाड थर लागतो. पैसे मोजण्याआधी तेवढं विचारा. वास आला की तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून प्रदूषण मंडळाकडे तक्रार करा, सोसायटीच्या लेटरहेडवर. एकट्याच्या फोनला ‘पाहतो’ एवढंच उत्तर मिळतं.

चिपळूणला जा, पण लोट्याच्या एमआयडीसीच्या बाजूला घर नाही ना, ताई?

मालवणी_तडका
धुरीचं पण सांगा कोणीतरी. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वेखंडाचा एवढा धूर करतात की एमआयडीसी बरी. त्यात मच्छर कॉइल.

सिस्टर_ऐरोली
दोन्ही नको. मच्छरदाणी लावा.

गौरी_घणसोली
लोटे लांब आहे काका 🙂 नवऱ्याला सिस्टरचं सगळं वाचून दाखवलं. आधी हसला. मग विचारतो, बुटांचं काय?

सिस्टर_ऐरोली
दाराबाहेर. रॅकसकट.