तेहतिशीनंतरचा लांब करार म्हणजे वेडेपणा? अजिबात नाही

थ्रीपॉइंट तात्या

परवा एनबीएतल्या (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) पॉल जॉर्जच्या धाग्यावर हिशेबनीस यांनी पिंक टाकली: "तेहतिशी ओलांडलेल्याला दोन वर्षांपेक्षा जास्त करार देणारा जनरल मॅनेजर एकतर भाबडा असतो, नाहीतर नोकरी सोडायच्या तयारीत असतो." त्यावर +१ ची रांग लागली. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

साहेब, तुम्ही करारावर सही झाली त्या दिवसापासून मोजता. मी पोरगा लीगमध्ये आला त्या दिवसापासून मोजतो. आधी रुकी स्केल, म्हणजे नवख्यांचा ठरलेला पगार, तिथे वाटाघाटीला जागाच नाही. पुढे सहा वर्षांच्या सेवेपर्यंत कमाल पगार कॅपच्या (संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा) २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३०, दहा झाली की ३५. (अपवाद आहेत, माहीत आहेत, शिकवू नका.) म्हणजे पाय सर्वांत चांगले चालतात तेव्हा हात बांधलेले आणि गुडघे कुरकुरायला लागले की तिजोरी उघडी. हे म्हाताऱ्या खेळाडूंनी दरोडा घालून मिळवलेलं नाही, मालक आणि खेळाडूंची संघटना यांनी टेबलावर बसून ठरवलंय.

स्टेफ करी २०१६-१७ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर खेळत होता. लागोपाठचे दोन एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) नावावर आणि पगारात स्वतःच्याच संघात चौथा! का, तर २०१२ मध्ये घोट्यांची खात्री नव्हती, म्हणून चार वर्षांच्या ४ कोटी ४० लाखांवर सही केलेली. तेव्हा 'संघाने पोराला लुटलं' असा धागा कुणी काढला नाही. २०२१ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्याला चार वर्षांचे २१ कोटी ५० लाख मिळाले तेव्हा मात्र सगळ्यांना त्याची जन्मतारीख आठवली. पुढच्याच वर्षी अजिंक्यपद आणि फायनलचा एमव्हीपी.

उतारवयातला करार ही थकबाकी आहे. घेणाऱ्याला नावं ठेवू नका.

हिशेबनीस

माझ्यासाठी स्वतंत्र धागा! आभारी आहे.

थकबाकी मालकाच्या खिशातून जात असती तर माझी काही हरकत नव्हती. कॅप असल्यामुळे ती जाते संघातल्या बाकीच्यांच्या वाट्यातून. शिवाय करीचा हिशेब २०१७ मध्येच पाच वर्षांच्या २० कोटी १० लाखांनी चुकता झाला. मग २०२१ ला कसली थकबाकी?

आणि उदाहरण करीचंच का? जॉन वॉल घ्या. २०१७ ला सुपरमॅक्स, म्हणजे ताऱ्यांसाठीचा वाढीव कमाल करार, चार वर्षं, १७ कोटींच्या वर. तो लागू व्हायच्या आधीच अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली. २०१९-२० मध्ये शून्य सामने. मग ह्यूस्टन, तिथे २०२१-२२ ला पुन्हा शून्य, पगार ४ कोटी ४० लाखांच्या घरात. ब्लेक ग्रिफिनलाही २०१७ मध्येच पाच वर्षांचा करार दिला आणि पुढच्या जानेवारीत क्लिपर्सनी त्याला डेट्रॉइटला पाठवून दिलं. हे हवेत खेळणारे लोक. उडी गेली की उरतं काय?

थ्रीपॉइंट तात्या

वॉलने सही केली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. ग्रिफिन अठ्ठावीस. तुमची तेहतिशी कुठे गेली? दुखापत आणि म्हातारपण एकाच वहीत लिहिता आणि वर नाव हिशेबनीस!

जुना लेकर

लेकर्सच्या कोबे ब्रायंटचं नाव कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. नोव्हेंबर २०१३, वय ३५, अकिलीस तुटलेली, कोर्टवर परतलेला नाही, आणि दोन वर्षांचे ४ कोटी ८५ लाख. त्या मोसमात ६ सामने खेळला. आणि करार लागू झाल्यावर संघाचे विजय किती? मोसमाच्या ८२ सामन्यांत २१ आणि १७. मला सगळं पाठ आहे. पण १३ एप्रिल २०१६ ची ती रात्र, शेवटचा सामना, ६० गुण. मी ऑफिसात न्यूज फीड बघत रडलोय. त्या पैशांचं मोल एक्सेलमध्ये निघत नाही.

हिशेबनीस

५० शॉट मारून ६०. तेही लिहा की.

जुना लेकर

लिहिलं. तुम्ही लग्नातही ताटं मोजत असाल.

फ्रेमाँटची वैनी

तुमचं कॅप-बिप चालू द्या, माझं वेगळं दुखणं आहे. मुलाच्या वाढदिवसाला चार तिकिटं काढली, त्या पैशांत पुण्याला जाऊन आले असते. ज्याच्यासाठी गेलो तो तारा साध्या कपड्यांत बाकावर. दुखापत नाही, 'विश्रांती'. आणि ही बातमी कळली कधी? पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर! मोठ्या पगाराच्या म्हाताऱ्यांना जपायचं ते आमच्या पैशांनी. लांब करार दिला नसता तर जपायला लागलं असतं का?

नाशिककर

वैनी, आम्ही पहाटे साडेपाचला उठून बघतो, तेव्हाही तो बाकावरच असतो. निदान तुम्हाला तो प्रत्यक्ष दिसला. :)

अर्धा कोर्ट

विश्रांतीवर चिडणाऱ्यांनी एकदा बॅक-टू-बॅक (लागोपाठच्या दिवशी) सामने खेळून बघावेत. मी नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर वाढलो. स्पर्धेत सकाळी एक, संध्याकाळी एक सामना. चौतिशीत डाव्या गुडघ्याने जिना चढायला नकार दिला. ही माणसं ८२ सामने खेळतात, मध्ये विमानप्रवास. लेब्रॉनने २०२४-२५ मध्ये चाळिशीत सरासरी २४.४ गुण काढले आणि ऑल-एनबीएच्या (मोसमातल्या सर्वोत्तमांच्या) दुसऱ्या संघात आला, ते शरीर जपल्यामुळेच.

फ्रेमाँटची वैनी

मग तसं तिकिटावर छापा ना! 'तारा येईलच असं नाही, अर्धे पैसे परत.' किमान ६५ सामने खेळायचा नियम आणला म्हणे २०२३-२४ पासून. तो पुरस्कारांपुरता. न खेळल्याबद्दल प्रेक्षकाला काय मिळतं?

अर्धा कोर्ट

डॉलरमध्ये कमावून रडगाणं गाणाऱ्यांना काय बोलणार.

फ्रेमाँटची वैनी

माझा पगार तुमच्या गुडघ्यावर अवलंबून नाही. विषयावर बोला.

नाशिककर

विषय कधीच गेला, वैनी. मी आणायचा प्रयत्न करतो. वयाची भीती काय करते ते डॅलसला विचारा. त्यांचा तारा लुका डॉन्चिच पंचवीस वर्षांचा. पुढे ३४ कोटी ५० लाखांचा सुपरमॅक्स द्यावा लागेल आणि शरीर टिकणार नाही, या धास्तीने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला विकला. बदल्यात कोण आणला? बत्तिशीला टेकलेला अँथनी डेव्हिस. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी!

थ्रीपॉइंट तात्या

नाशिककर, तोंडात साखर पडो. आता उरलेलं. खेळ उडीवर उभा असेल तर वय खातं. नजर, उंची आणि डोकं यांवर असेल तर पुरतं. अल हॉरफर्डला २०१९ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, चार वर्षांचे १० कोटी ९० लाख मिळाले. २०२४ ला बॉस्टनकडून विजेता, वय ३८. ख्रिस पॉलला २०१८ मध्ये ह्यूस्टनने चार वर्षांचे १६ कोटी दिले, तोही तेहतीसचाच. 'हा करार आता कुणी घेणार नाही' म्हणाले. दहा वर्षं प्लेऑफ न पाहिलेल्या फिनिक्सला त्याने त्याच करारावर २०२१ च्या फायनलला नेलं.

हिशेबनीस

पॉलचं नाव काढलंत म्हणून. वयाची जी पायरी ओलांडणारे लांब करार कॅपमध्ये अडचणीचे ठरतात, ती लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०१७ च्या करारनाम्यात ३६ वरून ३८ वर गेली. तेव्हा खेळाडू संघटनेचा अध्यक्ष कोण? ख्रिस पॉल. थकबाकी वसूल करावी तर अशी!

हॉरफर्ड मान्य. म्हणजे बॉस्टनचा हॉरफर्ड मान्य. ज्या फिलाडेल्फियाने तो करार दिला, त्यांनी एकाच मोसमानंतर वर ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंची वाटणी) पहिल्या फेरीची निवड देऊन त्याला ओक्लाहोमाला ढकललं. करार चांगला ठरला तो दुसऱ्याच्या अंगणात. पॉलचंही तेच, ह्यूस्टनने दोन निवडी गमावल्या. तेव्हा माझं वाक्य सुधारून घेतो: तेहतिशीनंतरचा लांब करार देऊ नये, दुसऱ्याने दिलेला दोन वर्षांनी घ्यावा. खूश?

आणि फिलाडेल्फिया शिकलं का? २०२४ मध्ये चौतीस वर्षांच्या पॉल जॉर्जला चार वर्षांचे २१ कोटी २० लाख, त्या मोसमात ४१ सामने. त्यांच्याच जोएल एम्बीडला तीन वर्षांचे १९ कोटी ३० लाख वाढवून, आणि त्याचे सामने १९.

फ्रेमाँटची वैनी

४१ आणि १९, दोघांचे मिळून साठ! दोघांना जोडूनही ६५ होत नाहीत. आणि धागा भरकटवला मी.

थ्रीपॉइंट तात्या

वैनी, एम्बीडचा गुडघा खराब होता, तो विश्रांतीवर नव्हता. आणि तो तिशीचा, तेहतिशीचा नाही. किती वेळा लिहायचं?