लहान धंदा कर्जाअभावी बुडतो का उधारीनं?

उद्यमनगरचा गडी: कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, आणि कामाला पाच पोरं. परवा एकजण म्हणाला लहान कारखानदाराला कर्ज मिळत नाही म्हणून तो बुडतो. मला नाही पटलं. कर्ज मिळतंय हो, माझी सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा पण आहे. पण फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशीनिंग करून वेळेत द्यायचं आणि पेमेंट ९० दिवस म्हणून १२० ला, तोवर पगार, लाईट बिल, हप्ता, आणि बिल फाडलं की जीएसटी खिशातनं. म्हणजे बँकेचं व्याज मी भरतोय आणि पैसा वापरतीय मोठी पार्टी.

हिशोबनीस: भावा, लहान उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पेमेंटला जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दरमहा चक्रवाढ. मी बरीच वर्षं लहान धंद्यांची खाती लिहितोय, खरं दुखणं वेगळं आहे. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातनं, रेट काढताना मशीनचा घसारा, म्हणजे झीज, धरायचा नाही, शेजारचा दहाला करतोय तर मी नऊला. मग उधारी वेळेत आली तरी काय राहणार?

उद्यमनगरचा गडी: रेट मी ठरवतो व्हय? ते सांगतात. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी काम बंद. २०२४ ला आयकरात नियम आला, लहानांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, तेव्हा एका पार्टीनं मला उद्यम नोंदणीच, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणीच, रद्द करून या म्हणून सांगितलं. लै वाईट वाटलं.

चप्पल लाईनची सून: आमच्या कोल्हापुरी चपलांच्या धंद्यात उधारी कमी, तरी हाल आहेतच. पावसाळ्यात गिऱ्हाईक नाही, चामडं वाळत नाही. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं सरकारी संरक्षण, मिळाला, इकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, पण बाजूच्या दुकानात रेक्झिनचं जोड कोल्हापुरी म्हणूनच खपतंय, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तुमच्या दोघांच्या भांडणात आमचं दुखणं कुठंच बसत नाही.

हिशोबनीस: ताई, ते मान्य. पण गडी, सगळं काम एकाच पार्टीचं घेतलंस हा निर्णय तुझाच ना? ती दबाव टाकणारच.

उद्यमनगरचा गडी: खरंय, तिथं चुकलो. गोकुळ शिरगावात दुसरी पार्टी बघायलोय. ती पण ९० दिवसच म्हणतीय.