पहिली ट्रायथलॉन, जुनी हायब्रिड आणि उरलेले चार आठवडे

कृष्णाकाठ :
नमस्कार मंडळी. वय ४३, मुक्काम कराड, पेशाने शाळामास्तर. पुढच्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या एका तलावावर स्प्रिंट ट्रायथलॉन आहे, त्यात नाव घातलंय. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणे. पोहण्याची काळजी नाही, पाठीला डबा बांधून प्रीतिसंगमावर शिकलेली आमची पिढी. पळणं रडतखडत होईल. घोर आहे तो सायकलचा.

लॉकडाऊनमध्ये जुनी घेतलेली हायब्रिड आहे, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी सायकल. पुढे तीन, मागे सात गिअर, ७०० बाय ३५ चे (३५ मिलिमीटर रुंदीचे) खडबडीत टायर, केबलवाले डिस्क ब्रेक. सपाटीला ठीक चालते. चढाला जोर लावला की चेन खटकन उडी मारते. मागचं चाक ब्रेकला घासतं, त्या आवाजावरून गल्लीतली कुत्री मला ओळखतात. ओव्हरहॉलिंग दोन वर्षांत नाही.

मित्र म्हणतो, ही भाजी आणायची सायकल, रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची शर्यतीची सायकल घे. तिचा आकडा बायकोने ऐकला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. बजेट चार हजार. सुरुवात कुठून करू?

सुसाट_पुणे :
चार हजारात फार काही होत नाही सर. निदान एरोबार (वाकून कोपरं टेकवायच्या पुढच्या दांड्या) आणि क्लिपवाले, बूट अडकवायचे पेडल तरी टाका, वेळ वाचेल.

पानावाले_काका :
एरोबारचं राहू द्या, आधी चेन मोजा. शाळामास्तर आहात, फूटपट्टी असेलच. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनची तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचावर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर गेली असेल तर मागचे दातेही खाल्ले गेलेत असं समजा. नुसती नवी चेन टाकलीत तर जुन्या दातांवर ती जास्तच उडेल आणि शिव्या मेकॅनिकला बसतील.

सायकल कधी उजव्या अंगावर पडली होती का? मागचा गिअर ज्या छोट्या पत्रीला लटकतो ती वाकली असेल, तर केबल कितीही पिळा, गिअर जागेवर बसत नाही. मागे उभं राहून बघा, दोन्ही छोटी चक्रं दात्यांच्या रेषेत दिसली पाहिजेत.

ब्रेकचं म्हणाल तर केबलच्या डिस्कमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतो. दुसरा एलन कीने (षटकोनी पान्याने) आतबाहेर करता येतो. तो पाव फेरा बाहेर घेऊन बघा. आणि घासतंय म्हणून तिथे तेल सोडू नका हो! तीस वर्षं बघतोय, चांगले शिकलेले लोक डिस्कवर स्प्रे मारून आणतात आणि ब्रेक लागत नाही म्हणतात.

घाटवेडी (सातारा) :
दादा, काकांचं आधी ऐका. माझ्या तीन झाल्या आहेत, पहिली अशाच हायब्रिडवर.

रोड बाईकचा हिशेब करू. ताशी २४ ने २० किलोमीटरला ५० मिनिटं लागतात, २६ ने ४६. एवढ्या पैशाचे चार मिनिट. एक पंक्चर झालं की दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि घाबरल्यावर हात चालत नाहीत ते वेगळंच.

त्यापेक्षा टायर बदला. ३२ चे गुळगुळीत घ्या, रिमला चालत असतील तर २८ चे. हे आत्ताच करा, आदल्या आठवड्यात नाही. ट्यूब घेताना मोटारीच्या व्हॉल्व्हचीच मागा. दुकानात बारीक व्हॉल्व्हची हातात ठेवतात, मग घरचा पंप बसत नाही आणि रिमच्या मोठ्या भोकात ती लडबडते. रिममधली स्पोकची भोकं झाकणारी जुनी टेपही बदला. मी पहिल्या वेळी आदल्या संध्याकाळी टायरवरच्या कमाल आकड्यापर्यंत हवा ठासली आणि सायकल उन्हात उभी केली. फाट्कन आवाज आला तेव्हा मी शेजारीच पोहे खात होते. टेप सरकून ट्यूब स्पोकच्या भोकात फुगली होती. तेव्हापासून हवा सकाळीच भरते, तीही थोडी कमी.

क्लिपवाले पेडल या वेळी नकोच. साधे पेडल असले की पळायच्या बुटांतच सायकल चालवता येते, बूट बदलायचा प्रश्नच मिटतो. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना बघा, उघडी नळी असेल तर तपासणीत अडवतात. हेल्मेटचा पट्टा सायकल स्टँडवरून काढायच्या आधी लावायचा आणि परत टांगल्यावरच सोडायचा. सायकल टांगताना हलक्या गिअरवर ठेवा.

आणि अंगणात सराव करा. अंगावर दोन बादल्या पाणी ओता, मग हेल्मेट, बूट, सीटला धरून सायकलबरोबर पळणं आणि सायकलवर बसायची रेषा असते तिच्यापुढे जाऊन टांग मारणं. ओल्या पायांवर मोजे चढवून बघाच एकदा. मी आता बुटात पावडर टाकते, मोजे घालतच नाही.

कृष्णाकाठ :
काका, पट्टी लावली. चार मिलिमीटर! चेन, मागचे दाते, केबली, दोन ३२ चे टायर, ट्यूब, टेप आणि मजुरी मिळून ३,८५०. ताई, अंगणातला सराव सातवी ब च्या दोन पोरांनी कुंपणावरून बघितला. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर हेल्मेट घातलेला ओला माणूस काढलेला होता. चित्र चांगलं होतं, पुसवलं नाही.

कृष्णाकाठ :
कालच झाली. सायकलला ५१ मिनिटं, चेन एकदाही उडली नाही. पाण्यातून आलो तेव्हा डोकं गरगरत होतं आणि सगळ्या सायकली सारख्याच दिसत होत्या. हँडलला भाजीची पिशवी अडकवायचा हुक काढायचा राहिला होता, त्यावरून लांबूनच ओळखली. पळताना मात्र पाय लाकडाचे झाले होते, दुसऱ्या किलोमीटरपर्यंत माझे वाटतच नव्हते.

काका, आता पुढचा ब्रेक घासायला लागलाय. तसाच पाव फेरा द्यायचा का?