स्पीकिंगमध्ये सायकलचा प्रश्न आला आणि सायकल येतच नसेल तर?

रात्रपाळी_सिडको
नमस्कार. मी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. यूकेच्या नर्सिंग नोंदणीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतेय, स्पीकिंगला, म्हणजे तोंडी भागाला, ७ बँड (गुण) लागतात. क्लासने स्पीकिंगच्या पहिल्या भागाचे, पार्ट वनचे, विषय दिलेत, त्यात सायकल आहे. डू यू राइड अ बायसायकल, लहानपणी होती का, तुमच्या शहरात लोक चालवतात का, असले प्रश्न. सोबत छापील उत्तरही दिलंय: मी रोज पहाटे गंगापूर धरणापर्यंत सायकलने जाते, तब्येत चांगली राहते, प्रदूषण होत नाही. मी ते घोकलं.

काल सराव परीक्षेत मॅडमनी मध्येच विचारलं, "चढावर गिअर कुठला टाकता?" मी गप्प. कारण मला सायकल येतच नाही! घरात एकच होती, दादाची. मी कायम मागे कॅरिअरवर. खरं बोलावं तर उत्तर 'नो' वरच संपतं. परीक्षेला १८ दिवस राहिलेत. काय करू?

धरणवाला
ताई, रात्रपाळी करून रोज धरण? सिडकोतून एका बाजूनेच पंधराएक किलोमीटर होतात. आम्ही रविवारी जातो तर सोमवारी जिना उतरवत नाही. छापणाऱ्याने निदान गोदा पार्क तरी लिहायचं!

पंक्चरवाल्याचा_पोरगा
वडिलांचं नाशिकरोडला सायकलचं दुकान होतं, आणि ही परीक्षा मी दोनदा दिलीय. म्हणून जरा लांबण लावतो.

खोटं बोलायला बंदी नाही. समोरचा माणूस तुमचं इंग्रजी तपासतो, सायकल नाही. पण घोकलेलं लगेच ओळखू येतं, आवाजच बदलतो. पहिल्या वेळी मी पण तेच केलं आणि ६ वर अडकलो. ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार या चौघांना सारखंच वजन असतं. 'पर्यावरण' वापरलं म्हणून जास्तीचे मार्क कोणी देत नाही.

'नो' म्हणा आणि लगेच का ते सांगा. पार्ट वन उणापुरा ४ ते ५ मिनिटांचा, त्यात दोन-तीन विषय उरकायचे असतात. एका प्रश्नाला दोन-तीन वाक्यं पुरतात. मध्येच तोडलं तर घाबरू नका, त्यांना वेळ पाळायची असते. मला तीनदा तोडलं, मी बाहेर येऊन घरी फोन केला की गेलं सगळं. ७.५ आले.

खरी गोची आपल्या मराठीत आहे. आपण सायकल चालवतो, गाडी चालवतो, दुकानही चालवतो. तिकडे सायकल 'राइड', गाडी 'ड्राइव्ह', दुकान 'रन'. पंक्चर आपण काढतो, ते 'फिक्स' करतात. हवा भरायची म्हणजे 'पम्प अप द टायर्स'. चेन पडली तर 'द चेन केम ऑफ'. 'फेल' म्हणालात तर ती जमिनीवर पडलेली दिसते. डबलसीट हा आपला शब्द, तिथे 'ऑन द बॅक ऑफ हिज बाइक' म्हणा. आणि हो, बाइक म्हटलं की आपल्याला पल्सर आठवते, त्यांना आधी सायकल. उच्चार 'बायसिकल', जोर पहिल्या 'बाय' वर. 'बायसायकल' नाही. तुम्ही लिहिलंयही तसंच.

धरणवाला
चेष्टा केली, आता थोडं कामाचं. शहराबद्दल विचारलं तर नाशिककरांना चिंता नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस अक्रॉस अमेरिका ही सायकलशर्यत पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय, तेही तेव्हा नाशिकचेच रहिवासी आणि लष्करातले डॉक्टर. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर. शिवाय इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. यातलं एकच काहीतरी सांगा, सगळं ओतलंत तर परत घोकंपट्टी वाटेल.

पंक्चरवाल्याचा_पोरगा
बरोबर. आणि त्यालाही आपलं शेपूट लावा. 'आमच्याकडचे डॉक्टर सायकलवर अमेरिका ओलांडतात आणि मला सिडकोतली गल्ली ओलांडता येत नाही', असं काहीतरी.

रात्रपाळी_सिडको
सगळ्यांचे आभार. दुपारी झोप मोडून हे जुळवलं, तपासा:

"नो, आय नेव्हर लर्न्ड टु राइड. वी हॅड ओन्ली वन बाइक ॲट होम, अँड माय ब्रदर वुडन्ट लेट मी टच इट. सो आय वेंट टु स्कूल ऑन द बॅक, होल्डिंग हिज शर्ट विथ वन हँड अँड बोथ अवर टिफिन्स विथ द अदर."

पंक्चरवाल्याचा_पोरगा
'टिफिन्स' च्या जागी 'लंचबॉक्सेस' करा. बाकीच्याला हात लावू नका. पाठ मात्र करू नका, रोज थोडं वेगळं सांगून बघा.

रात्रपाळी_सिडको
दादाला फोनवर ऐकवलं. आधी भांडला, शिवू देत नव्हतो हे खोटं आहे म्हणे. मग म्हणाला, रविवारी गोदा पार्कला ये, शिकवतो. म्हटलं १८ दिवस थांब बाबा, आत्ता शिकले तर उत्तर बदलावं लागेल.