‘प्रामाणिक माणसाने भ्यावे कशाला?’ या प्रश्नाला सविस्तर उत्तर

गोदाकाठकर (नांदेड)
‘शिस्तप्रिय’ या सदस्यांनी काल येथे लिहिले, की समाजमाध्यमांवरचा प्रत्येक मजकूर आधी सरकारी अधिकाऱ्याने तपासावा, खोटे पसरवणाऱ्याला कोठडी दाखवावी, आणि प्रामाणिक माणसाने या तपासणीला भ्यावे कशाला? या शेवटच्या वाक्याने माझी झोप घालवली. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या एका मुलीने मुंबई बंदविषयीची नाराजी फेसबुकवर लिहिली आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुराला पसंती दर्शवली. एवढ्यावर दोघींना अटक झाली. त्या अप्रामाणिक होत्या काय? त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केले, पण मोह गेला नाही. 2023 मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, आपल्याच कारभाराविषयीची कोणती बातमी खोटी हे आपल्याच तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे, अशी सोय करून घेतली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निकालानंतर ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. आपण मराठवाड्याची माणसे आहोत. आ. कृ. वाघमारे यांना ‘मराठवाडा’ हे पत्र निजामाच्या बंदीमुळे नावे बदलून काढावे लागत असे. त्या दरबाराच्या लेखी त्या पत्रातली बातमीही अफवाच होती.

शेडवाला (औसा)
मास्तर, आपले सर्व दाखले न्यायालयातले आहेत. माझा शेडमधला आहे. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये ‘कोंबडी खाल्ल्याने करोना होतो’ हा मजकूर फिरला, तेव्हा माझ्याकडे विक्रीला आलेले 4,000 पक्षी होते. त्या वयाच्या एवढ्या पक्ष्यांना दिवसाला पंधरा-सोळा पोती खाद्य लागते. विकावे तर गाडीभाडे निघत नव्हते आणि ठेवावे तर खाद्याची उधारी वाढत होती, म्हणून शेवटी जेसीबी बोलावून खड्डा खणला. विशेष म्हणजे तो मजकूर मला प्रथम माझ्या सख्ख्या मेव्हण्याने ‘काळजी घ्या’ असे लिहून पाठवला होता. माझे तर पक्षीच गेले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी समजून भिक्षुकी करणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. त्यांच्या लेकरांना आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्य कोणत्या शब्दांत समजावून सांगणार आहात?

काळा कोट (बीड)
शेडवाले भाऊ, आपल्या नुकसानीविषयी मनापासून वाईट वाटते, परंतु राईनपाड्याला कायदा कमी पडला नव्हता. खुनाचे कलम होते आणि अफवेचेही होते. तेच आज भारतीय न्याय संहितेत 353 या क्रमांकाने आहे. आणि अफवेला मोबाइल लागतो असे कोणी सांगितले? 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा आमच्या गल्लीत फोनसुद्धा एकाच घरी होता. सरकारच्या हाती लगाम दिला की काय होते, हे आम्ही 26 फेब्रुवारी 2024 रोजी अनुभवले आहे. आरक्षण आंदोलनाच्या काळात अफवा पसरू नयेत म्हणून जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर येथे इंटरनेट बंद करण्यात आले, आणि त्या दिवशी मला जेवढ्या अफवा ऐकू आल्या तेवढ्या वर्षभरात आल्या नव्हत्या, कारण खरे काय ते पाहण्याची वाटच बंद होती. माझ्या अशिलाचा तातडीचा अर्जही त्या दिवशी अडकला. उपयोग झालाच असेल तर एका साध्या गोष्टीचा झाला: व्हॉट्सॲपने 2018 मध्ये एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी मजकूर पुढे पाठवणे बंद केले आणि 2020 मध्ये वारंवार फिरलेल्या मजकुरासाठी ती मर्यादा एकावर आणली. सक्ती करायचीच असेल तर कंपनीच्या रचनेवर करा, माणसाच्या तोंडावर करू नका.

तिफण (सेलू)
कोंबडीचे आणि मोर्च्याचे झाले, आता पावसाचे बोला. आमच्याकडे सर्वांत महागडी अफवा यूट्यूबवरचा हवामान अंदाज ही आहे. ‘अमुक तारखेपासून धो-धो’ हे ऐकून मी जेमतेम ओल असताना सोयाबीन पेरले. पुढे अठरा दिवस आभाळ कोरडे राहिले आणि दुबार पेरणीसाठी पत्नीची पाटली गहाण पडली. या मंडळींना परवाना सक्तीचा केलाच पाहिजे.

कयाधूकाठची (हिंगोली)
परवाना कोण देणार, दादा? ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता’ असे वर्षानुवर्षे सांगणारे खाते? त्यांचा अंदाज चुकला तर त्याला अंदाज म्हणायचे आणि गावच्या पोराचा चुकला तर अफवा, हा न्याय मला समजत नाही. लोक त्या पोराकडे वळले, कारण तो निदान आमच्या तालुक्याचे नाव घेतो.

तिफण (सेलू)
ताई, यातच सगळी मेख आहे. खाते शक्यता सांगते आणि यूट्यूबवाला तारीख, वार व तालुका सांगून खात्री देतो. खात्री विकणे हाच गुन्हा धरावा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते, पण त्यात नाट्य नसल्याने ते कोणी पुढे पाठवत नाही. आपल्या घरी कोरडवाहू किती आहे, हे विचारले तर राग मानू नये.

कयाधूकाठची (हिंगोली)
राग मानते. अकरा एकर आहे, आणि ऑगस्ट 2023 मधल्या कोरड्या महिन्यात त्यातले निम्मे करपले, म्हणून मला पाऊस शिकवू नका. विद्यापीठाचे ऐकले नाही हा दोष आपला होता; त्यासाठी साऱ्या राज्याला परवाना कशाला? खात्री विकण्याबद्दल मात्र आपले म्हणणे नाइलाजाने पटते. मार्च 2024 मध्ये आमच्याकडे भूकंपाचा धक्का बसल्यावर ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का’ असा मजकूर आला आणि सासूबाईंसह आम्ही सर्व जण अंगणात बसून राहिलो. भूकंपाची वेळ कोणालाही आधी सांगता येत नाही, हे मी शाळेत शिकवते. तरीही बसले, कारण सासूबाईंनी किल्लारी पाहिली आहे.

गोदाकाठकर (नांदेड)
धागा समाजमाध्यमांचा होता, तो पेरणीवर गेला. तथापि त्यातून निदान एवढे निघाले, की चुकीचे बोलणे आणि फसवून पैसा कमावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीवर सरकारने जरूर हात टाकावा, मात्र ठरवणारा न्यायाधीश असावा, ज्याच्यावर टीका झाली ते खाते नसावे. शेडवाले, आपल्याला हे पुरणार नाही, हे मी जाणतो.

शेडवाला (औसा)
पुरत नाहीच. निकाल लागेपर्यंत माझी पुढची सहावी बॅच निघालेली असेल. मला चोवीस तासांत खोटा मजकूर हटवणारी आणि तेवढ्याच जोराने खुलासा पसरवणारी व्यवस्था हवी, आणि ती कंपनीच्या खर्चाने हवी. आधी तपासणी नको, हे मात्र मान्य करतो. माझ्या सातबाऱ्यावरील आडनावातली वेलांटी दुरुस्त व्हायला चौदा महिने लागले. त्या वेगाने बातमी तपासली गेली, तर कोंबडी निर्दोष ठरेपर्यंत मीच शिल्लक राहायचो नाही.

शिस्तप्रिय (उदगीर)
माझ्या एका वाक्यावर एवढा पाऊस पडेल, असा अंदाज कोणत्याच खात्याने दिला नव्हता. राईनपाड्याविषयी वकीलताईंनी दिलेले उत्तर मला पटलेले नाही. कलमे पुस्तकात होती आणि माणसे तरीही मेली. माझे म्हणणे मी मागे घेत नाही. त्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द तेवढा मागे घेतो.